फादर थॉमस स्टीफन्स यांची गोव्याहून लिहिलेली पत्रे : एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांचे नाव ‘ख्रिस्तपुराणा’च्या आधारे स्थिर झाले आहे. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण म्हणजे एका इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने मराठीत केलेली असाधारण निर्मिती होय, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. मात्र या पुराणाची चर्चा करताना मराठी समीक्षेने एक सोयीची वाट धरलेली दिसते. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या ओव्या उद्धृत करावयाच्या, परकीयाने आपल्या भाषेवर केलेल्या प्रेमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करावयाची आणि पुढे जावयाचे. पदव्युत्तर वर्गांतही स्टीफन्स बहुधा एवढेच शिकविले जातात. वयाच्या तिसाव्या वर्षी अनोळखी किनाऱ्यावर उतरलेला हा तरुण, सदुसष्टाव्या वर्षी हे पुराण छापून पूर्ण करणाऱ्या वृद्ध पाद्रीपर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जी साधने उपलब्ध आहेत त्यांत तीन पत्रे महत्त्वाची ठरतात. पहिले १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना इंग्रजीत लिहिलेले, दुसरे २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पॅरिसमधील भाऊ रिचर्ड यांस लॅटिनमध्ये लिहिलेले, आणि तिसरे १६०८ मध्ये रोम येथील जेझुइट संघाच्या प्रमुखांना पाठविलेले. इतिहासकारांनी ही पत्रे माहितीसाठी पुष्कळ वापरली आहेत. वाङ्मय म्हणून, म्हणजे लिहिणाऱ्याची नजर कोठे थांबते आणि कोठून निसटते हे पाहण्यासाठी, ती क्वचितच वाचली गेली. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

परागंदा माणसाचा प्रवास

पत्रांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्टीफन्स हे एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमधील कॅथलिक होते. १५७० मध्ये पोपने राणीला बहिष्कृत केल्यानंतर त्या देशात कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाच्या संशयाखाली जगणे होते. विल्टशरमधील एका व्यापाऱ्याच्या या मुलाने तरुणपणी टॉमस पाउंड या संपन्न कॅथलिक मित्राचा सेवक असल्याचे सोंग घेऊन वावरण्यात काही काळ घालविला. पाउंड पकडले गेले. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. मायदेशी त्यांना परतता येण्यासारखे नव्हते. त्यांच्या संघाचे एडमंड कॅम्पियन हे इंग्लंडमध्ये गुप्तपणे परतले तेव्हा १५८१ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. हा संदर्भ सोडून पहिले पत्र वाचले तर ते केवळ एक रंजक प्रवासवर्णन वाटते. अनेक वाचकांना ते तसेच वाटत आले आहे.

पाच जहाजांचा ताफा ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागला. पत्राचा फार मोठा भाग या साडेसहा महिन्यांनी व्यापला आहे. तुतारीचा नाद आणि तोफांची सलामी, जहाजावरील मुले मोठ्या माणसांपेक्षा समुद्र सहज सोसतात ही नोंद, विषुववृत्ताजवळची कोंडलेली हवा, उडणारे मासे, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे खात्रीचे साधन नसल्यामुळे खलाशांची होणारी फसगत, सुजलेल्या हिरड्या आणि पाय, वाटेत दगावलेली सुमारे सत्तावीस माणसे, असा सगळा तपशील येथे येतो. इतर वेळच्या मानाने हा मृत्यूंचा आकडा जहाजावरच्या लोकांना नगण्य वाटला, असेही ते कोरडेपणाने सांगतात. मुलगा पाद्री झाला तरी वडील व्यापारी आहेत, याचे भान पत्रात सतत आहे. पुढे हॅकल्यूटने आपल्या सागरप्रवासांच्या प्रसिद्ध संग्रहात हे पत्र घेतले ते उगाच नव्हे. पूर्वेकडील वाट शोधणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांना त्यात कामाचे बरेच काही होते.

या प्रवासवर्णनातील एक प्रसंग मात्र व्यापाऱ्यांच्या कामाचा नव्हता. मदेराजवळील पोर्तु सांतु बेट दृष्टिपथात येत असता एका इंग्रज जहाजाने स्टीफन्स यांच्या जहाजावर गोळे टाकले. हानी झाली नाही. पोर्तुगीजांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते जहाज आले तसे निघून गेले. ते जहाज मोठे आणि देखणे होते, अशा उद्योगाला ते लागलेले पाहून वाईट वाटले, एवढेच स्टीफन्स लिहितात. या एका वाक्यात त्यांची सारी परिस्थिती सामावलेली आहे. गोळा टाकणारे आपल्या देशाचे, ज्याच्यावर पडला ते आपल्या धर्माचे. जहाजाच्या देखणेपणाचे कौतुक करणारा इंग्रज आणि त्याच्या उद्योगाबद्दल खंतावणारा कॅथलिक येथे एकाच वाक्यात बोलतात. इंग्लंड सोडल्याचे दुःख त्यांनी या पत्रात वेगळे मांडलेले नाही, आणि वडिलांच्या हाती पडण्यापूर्वी पत्र कोणाकोणाच्या नजरेखालून जाईल हे ठाऊक असलेला माणूस ते मांडणारही नाही.

कमरेची दोरी आणि युरोपचा साजशृंगार

गोव्याविषयी पहिल्या पत्रात शेवटी थोडीच वाक्ये आहेत. उतरून अडीच आठवडे झालेल्या माणसाकडून अधिक अपेक्षा करणेही योग्य नव्हे. परंतु ही वाक्ये बारकाईने पाहण्याजोगी आहेत. येथील लोक सावळे आहेत, सामान्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर कमरेच्या दोरीला अडकविलेल्या वीतभर कापडाखेरीज काही नसते, हे सांगताना त्यांच्या नाकाओठांची आफ्रिकेतील लोकांशी जी तुलना ते करतात तीत त्या काळच्या युरोपीय माणसाचा वर्णगर्व उघड दिसतो. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्याच ओघात ते पुढे म्हणतात की, एवढ्याशा वस्त्रात ही माणसे स्वतःला आपल्याइतकीच ठाकठीक समजतात, आपण कितीही साजशृंगार केला तरी. या वाक्यात उपहास आहे की विस्मय, हे ठरविणे अवघड आहे. तरीही पाहणाऱ्याने पाहिल्या जाणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून स्वतःच्या कपड्यांकडे दृष्टी टाकली आहे, हे निश्चित. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जाड काळ्या झग्यात वावरणाऱ्या तरुणाला ही दृष्टी काही अंशी घामानेच दिली असावी.

त्यानंतर झाडे येतात. एक द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, आणि ती वेलही येथे निरुपयोगी आहे, सारी द्राक्षमदिरा पोर्तुगालहून आणावी लागते, अशी त्यांची नोंद आहे. पाद्रीच्या दृष्टीने ही नुसती वनस्पतींविषयीची माहिती नाही. मिस्सा अर्पण करण्यास द्राक्षरस लागतो. ज्या देशात तो पिकत नाही तेथे उपासनेची सामग्रीसुद्धा जहाजाची वाट पाहते. उलट येथील माणसे चांगले पाणी पितात, नाहीतर माडाची सूर. फळे आणि झाडे यांविषयी लिहू लागलो तर याच लांबीचे दुसरे पत्र होईल, प्रकृती धड राहिली तर पुन्हा लिहीन, असे सांगून ते वडिलांचा निरोप घेतात. परदेशात नव्याने आलेल्या माणसाची ही स्वाभाविक भाषा होय. काय नाही याची यादी आधी होते. काय आहे हे कळण्यास वेळ लागतो.

माडाचे झाड

चार वर्षांनी, गोव्यास उतरल्याच्याच तारखेला, भावाला लिहिलेल्या पत्रात राहिलेले झाड अखेर येते. मधल्या काळात १५८० मध्ये स्टीफन्स यांना गोव्यातच पुरोहितपदाची दीक्षा मिळाली होती आणि साष्टी प्रांतात त्यांचे काम सुरू झाले होते. पत्राचा मुख्य विषय मात्र झाड नाही, आणि त्याकडे पुढे वळावेच लागेल. पण माडाचे जे वर्णन त्यात आले आहे ते पहिल्या पत्राशेजारी ठेवले असता चार वर्षांच्या दैनंदिन जीवनाचा पुरावाच हाती येतो.

या झाडापासून तेल मिळते, सूर मिळते, गूळ-साखर आणि शिर्काही मिळतो. काथ्याची दोरी वळतात. झावळ्यांनी झोपड्या शाकारून पाऊस अडवितात. वर्षभर फळ धरते. ते माणसाच्या डोक्यासारखे दिसते आणि सोलल्यावर दोन मुठींएवढे उरते. आतले पाणी पातळ बीअरसारखे असून तहान भागविते, एक नारळ प्यायल्यावर दुसरा मागावासा वाटत नाही. आतील खोबरे खाण्यास उत्तम. करवंटीचा कोळसा लोहारांच्या भट्टीला लागतो. समुद्रकाठचे लोक गलबतांसाठी दोर आणि शिडे यापासूनच करतात.

हे वर्णन पाहुण्याचे नाही. पाहुण्याला शहाळे आठवते. लोहाराच्या भट्टीतील करवंटीचा कोळसा त्याला दिसत नाही. त्यासाठी गावात राहावे लागते, कोणाच्या तरी दारात बसून कामे पाहावी लागतात, ‘हे काय?’ असे विचारावे लागते. ‘पातळ बीअर’ ही उपमा विल्टशरची आहे, पण ती ज्या तहानेसाठी वापरली ती साष्टीच्या उन्हातील आहे. पहिल्या पत्रात युरोपीय झाडांशी साम्य शोधून निराश झालेली नजर येथे झाडाचा उपयोग पाहू लागली, हा बदल मोठा आहे. एक गफलतही उल्लेखनीय आहे. येथील लिखाण बहुतेक याच झाडाच्या पानांवर होते, असे ते सांगतात. वस्तुतः पोथ्या लिहितात त्या ताडाच्या किंवा श्रीताळाच्या पानांवर. माडाच्या झावळीवर पोथी उतरवीत नाहीत. लॅटिनमधील एकाच शब्दाने दोन्ही झाडे एक झाली असावीत. ही चूक क्षुल्लक असली तरी सूचक आहे. झाडाचे वर्णन करता करता त्यांचे लक्ष लिखाणाकडे गेले होते.

भाषेची ओळख

याच पत्रात भाषेविषयीचा सुप्रसिद्ध मजकूर आहे. या प्रदेशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत, त्यांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, वाक्प्रयोग विलक्षण आहेत, आणि येथील अक्षर म्हणजे एक उच्चारखंड असल्याने व्यंजन व स्वर यांच्या जितक्या जोडण्या तितकी त्याची रूपे होतात. विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील प्रसिद्ध प्रतिपादनाच्या दोनशे वर्षे आधी भारतीय आणि युरोपीय भाषांतील साम्य ओळखल्याचा मान यामुळे स्टीफन्स यांना देण्यात येतो. तो देताना थोडा संयम हवा. त्यांनी साम्य पाहिले ते रचनेचे. या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असे त्यांनी म्हटलेले नाही. विभक्ती आणि क्रियापदांची रूपे घोकताना शाळेत शिकलेले लॅटिन व्याकरण आठवणे, हा विद्यार्थ्याचा अनुभव आहे. या मजकुराचे खरे मोल भाषाशास्त्रीय शोधापेक्षा त्या विद्यार्थिदशेत आहे. ज्याला जोडाक्षरे स्वतः गिरवावी लागली आहेत त्यालाच अक्षरांच्या असंख्य रूपांचा असा धसका आणि असे कौतुक एकाच वेळी वाटू शकते.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. रोजच्या व्यवहारात त्यांच्या कानावर पडणारी भाषा कोकणी होती. पुराणे आणि पोथ्या यांची प्रतिष्ठित भाषा मराठी. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या आणि दोहोंचा उपयोग वेगवेगळा ठेवला. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी आणि व्याकरण यांचा विषय कोकणी झाला. ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६२२ आणि १६४० मध्ये छापली गेली. पुराण मात्र त्यांनी मराठीत रचले आणि निखळ मराठीतील कठीण शब्द सर्वांना कळणार नाहीत म्हणून त्यात सोपी, स्थानिक बोली मिसळली, हे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. चर्चच्या व्यवहारातील पोर्तुगीज शब्द तसेच ठेवून स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारी ही भाषा कोशात सापडणारी नव्हती. ती बाजारात, प्रवचनात आणि प्रश्नोत्तरांत ऐकून घडली.

कुंकळ्ळी : जे वाचताना टाळले जाते

माडाचे आणि भाषेचे हे प्रसन्न परिच्छेद ज्या पत्रात आहेत ते पत्र मुळात एका हत्याकांडाची वार्ता देण्यासाठी लिहिले गेले. जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होते. अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून ते नुकतेच परतले होते. मारले गेले ते स्टीफन्स यांचे सहकारी होते, आणि पत्रातील भूमिका शोक करणाऱ्या, त्यांना हुतात्मे मानणाऱ्या सहकाऱ्याची आहे.

या घटनेला दुसरी बाजू आहे आणि मराठी वाचकाला ती दृष्टिआड करता येत नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू होते. कुंकळ्ळीची देवळे सैन्याने उद्ध्वस्त केली होती आणि गावकऱ्यांचा रोष आकस्मिक नव्हता. हत्येनंतर गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून, चौकशीविना मारण्यात आले. स्वतःच्या देशात धर्मासाठी लपतछपत वावरलेला माणूस अशा सत्तेच्या छत्राखाली राहत होता, जिने दुसऱ्यांना आपले देव घेऊन नदीपार पळण्यास लावले. ही विसंगती स्टीफन्स यांना जाणवली होती काय, याचे उत्तर पत्रांत मिळत नाही. समीक्षेने ते त्यांच्या तोंडी घालू नये. परंतु त्यांच्या मराठीप्रेमाचा गौरव करताना ही विसंगती गाळण्याचा अधिकारही समीक्षेला नाही. परक्या देशाशी जुळवून घेणे ही येथे दोन समान पक्षांमधील गोष्ट नव्हती. पाद्रीने भाषा, अन्न, हवा यांच्याशी जुळवून घेतले. ज्यांच्यात तो राहिला त्यांना याहून कितीतरी अधिक सोडावे लागले.

याउलट टोकाची भूमिकाही अपुरी पडते. स्टीफन्स यांची भाषासाधना म्हणजे निव्वळ धर्मांतराचे हत्यार, असे म्हटले की पहिल्या ओवीपासूनच पुराण वाचण्याचे कारण संपते. हत्यारासाठी प्रश्नोत्तरीची पुस्तिका पुरेशी होती. अकरा हजार ओव्या लागत नाहीत. विशेष म्हणजे, या पेचाची नोंद पुराणात आहे. पहिल्या अवस्वरूत एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हास वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? ख्रिस्तपुराणाचा जन्म या प्रश्नातून झाला असे कवी सांगतो. हा संवाद प्रत्यक्ष घडला की ती पुराणपरंपरेतील श्रोता-वक्ता रचनेची नक्कल आहे, हा मुद्दा गौण होय. वर्ज्य केल्याची तक्रार एका नवख्रिस्ती माणसाच्या तोंडून ग्रंथाच्या दारातच नोंदविली गेली आणि ती खोडून काढण्याऐवजी ग्रंथ तिला उत्तर म्हणून उभा राहिला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या पोकळीला भरण्यासाठी हे पुराण लिहिले गेले ती पोकळी कोणी निर्माण केली, हे कवीला ठाऊक होते.

सहाशे साचे

१५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्यांचे इंग्रज सहकारी होर्मुझहून कैद होऊन गोव्यात आले तेव्हा त्यांची जामिनावर सुटका होण्यास स्टीफन्स यांची मदत झाली. जहाजावरून गोळे टाकणाऱ्या देशबांधवांशी त्यांचे नाते असे अधूनमधून जिवंत होत असे. नंतरच्या पंचवीस वर्षांतील त्यांच्या रोजच्या जगण्यावर प्रकाश टाकणारी सामग्री फारशी नाही. १६०८ चे पत्र त्यामुळे मोलाचे ठरते.

या पत्रात एकोणसाठ वर्षांचे स्टीफन्स संघप्रमुखांना विनंती करतात की, मलबारात जशी तेथील लिपीत पुस्तके छापली जातात तशी या प्रांतातही येथील भाषेत आणि येथील लिपीत छापली जावीत. ही इच्छा आपण बरीच वर्षे बाळगून आहोत. अडचण म्हणून ते सांगतात की, युरोपातल्या चोवीस अक्षरांप्रमाणे येथील अक्षरे नाहीत, ती उच्चारखंडांची असल्याने साचे सहाशेच्या घरात जातात. १५८३ मध्ये भावाला कौतुकाने सांगितलेली गोष्ट, जितक्या जोडण्या तितकी रूपे, पंचवीस वर्षांनी छापखान्याचा हिशेब होऊन परत आली आहे. तरुणपणी जे नवल होते ते आता अडथळा झाले होते, आणि तो दूर करण्यासाठी प्रांतप्रमुखांचा आदेश व साहाय्य हवे होते.

ते मिळाले नाही. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडले ते रोमी लिपीत. माडाच्या (की ताडाच्या) पानावर लिहिणाऱ्यांच्या भाषेतील हा ग्रंथ त्यांच्याच लिपीत नसल्याने तो बहुधा वाचून दाखविला आणि ऐकला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत अद्याप हाती आलेली नाही. आज उपलब्ध असलेला पाठ हस्तलिखितांवर उभा आहे. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमी लिपीत तो प्रसिद्ध केला. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला गेलेली एक प्रत मात्र देवनागरीत लिहिलेली आहे. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजलेले आढळतात, आणि हा पाठ मूळचा की नंतर कोणी शुद्ध करून घेतलेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. साचे पाडता आले नाहीत ती अक्षरे त्या प्रतीत कोणीतरी हाताने, एक एक करून उतरविली आहेत.